‘साखर जोडणारी विकरं’ : दुसरा शब्द सुचवाल का?

धरमपेठची भाची : मामांना स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. एका लेखातली माहिती मी त्यांच्यासाठी मराठीत लिहून दिली. ग्लायकोसिलट्रान्सफरेजला ‘साखर जोडणारी विकरं’ म्हटलं, आणि वाक्य झालं, ‘घशाच्या कॅन्सरमध्ये साखर जोडणारी विकरं बदलतात.’ दुसऱ्या दिवसापासून मामा बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. मामींनी गुळाचा डबासुद्धा माळ्यावर टाकला. “मला शुगर कधी निघाली गं?” असं मामांनी तीनदा विचारलं. आधीच गिळवत नाही, वजन उतरलंय. चूक माझ्या शब्दाची आहे. काय लिहू?

महालकर : ‘शर्करा’ लिहा, ताई. साखर डब्यातली, शर्करा शास्त्रातली. शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. शिवाय साखर आणि साखळी एकाच मुळातले, असं आमचे सर सांगायचे. म्हणून ‘शर्करासाखळी’ छान जमतं.

संस्कृत शिकवणारा : महालकर, साखळी शृंखलेपासून, साखर शर्करेपासून. दोन्हींचा संबंध नाही. माझा आक्षेप ‘विकर’वर आहे. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमसाठी आहे म्हणून रुळला, पण त्यातून अर्थ काही उमगत नाही. ‘वितंचक’ बघा. ‘आतञ्चन’ म्हणजे दुधाला लावायचं विरजण. जर्मन शास्त्रज्ञ क्यूने यांनी 1870 च्या दशकात एन्झाइम शब्द घडवला, तोही खमिराच्या ग्रीक शब्दावरून. दोन्हीकडे कल्पना एकच!

लॅबवाला, सक्करदरा : वितंचक कोणाले समजन बाप्पा? मी रोज पेशंटशी बोलतो. एन्झाइम म्हटलं की मान डोलावतात. आणि विरजणात जिवाणू असतात, एन्झाइम हे प्रथिन आहे. ताई, मामांना आधी हे सांगा की चहातल्या साखरेचा इथे संबंध नाही. या शर्करा पेशी स्वतःच घडवते आणि प्रथिनांवर एकेक करून चढवते. हे काम बहुतेक पेशीतल्याच गॉल्जी पिंड नावाच्या भागात चालतं. कॅन्सरच्या पेशींत काही एन्झाइम वाढतात. मग या शर्करांच्या साखळ्यांना जास्त फांद्या फुटतात, टोकांवर सियालिक आम्ल नावाची शर्करा जास्त बसते. काही एन्झाइम उलट कमी होतात. ए आणि बी रक्तगटांत फरक शेवटच्या एका शर्करेचा, आणि ती बसवणारं एन्झाइमही याच कुळातलं. रक्तगटाची ही खूण तोंडा-घशाच्या अस्तरावरही असते. कॅन्सर झाला की तिथून ती अनेकदा नाहीशी होते.

इतवारीची सून : मग ‘गाठी’ म्हणा ना! होळीला आपल्याकडे लेकरांच्या गळ्यात घालतात ती. माझ्या सासरी करायचे. लाकडी साच्यात दोरा ठेवून वरून पाक ओतायचा. थंड झाल्यावर साचा उघडला की पदकं दोऱ्यासकट सुटी व्हायची. कोणालाही समजेल.

लॅबवाला, सक्करदरा : उपमा गोड आहे, पण साच्याशी अडते. प्रथिनाला जनुकाचा साचा असतो, या साखळीला असा साचाच नसतो. कोणतं एन्झाइम किती हजर आहे, त्यावरून ती कशी होईल ते ठरतं. म्हणून तर एन्झाइम बदललं की साखळी बदलते.

धरमपेठची भाची : गाठी नको हो. मामांच्या रिपोर्टात ‘गाठ’ आहे. तो शब्द घरात कोणी उच्चारतही नाही.

इतवारीची सून : अगं, माझ्या ध्यानातच आलं नाही. माफ कर.

महालकर : तुमच्या वाक्यातला ‘घसा’सुद्धा ढिला आहे. ग्रसनी, म्हणजे घशाची पोकळी, वेगळी, स्वरयंत्र वेगळं. स्वरयंत्राला आपला जुना शब्द आहे, घाटी. पोराचा आवाज बदलला की ‘घाटी फुटली’ म्हणायचे. संस्कृत ‘घाटा’ म्हणजे मान, त्यावरून आला.

संस्कृत शिकवणारा : घाटा म्हणजे मानेची मागची बाजू. घाटी पुढे असते! ‘घण्टिका’ घ्या. घण्टिका म्हणजे छोटी घंटा, आणि पडजीभही.

महालकर : पडजीभ तोंडात असते, ती कंठमण्यावर कशी उतरली?

इतवारीची सून : माझी आजी ‘घांटी’ म्हणायची, चांगला नाकातून अनुस्वार काढून.

संस्कृत शिकवणारा : बघा, तो अनुस्वार घंटेचाच!

महालकर : एका आजीच्या अनुस्वारावरून व्युत्पत्ती ठरत नाही. विदर्भात अजून कोण कोण ‘घांटी’ म्हणतं? गावाचं नाव लिहा.