मोरपिसातला निळा रंग स्पिरिटमध्ये का उतरत नाही?

वहीवाला:
आठवीच्या प्रदर्शनासाठी मोरपिसातला निळा रंग वेगळा काढून दाखवायचाय. डोळ्याजवळचे तंतू कापून स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवले तरी द्रावण स्वच्छच. खलात कुटले तर तपकिरी भुकटी. काय चुकतंय?

उपतंतू:
काही नाही. निळा रंग तिथे नाहीच! मोरपिसात रंगद्रव्य म्हणाल तर मेलॅनिन, तेही काळपट तपकिरी. तंतूंना फुटलेल्या बारीक उपतंतूंत त्याच्या कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, मधे हवेची भोकं. या जाळीवरून उजेडातला ठरावीक रंगच जोरात परततो. कांड्यांमधलं अंतर साधारण १४० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असेल तिथे निळा दिसतो, १५० ला हिरवा, १६५ च्या आसपास पिवळा. कुटलं की जाळी मोडते, मेलॅनिन तेवढं उरतं. ती भुकटी फेकू नका, प्रदर्शनात तीच मांडा.

शेजारी गळालेलं अख्खं पीस ठेवा. उजेड समोरून पडला की निळं. खिडकीकडे धरून आरपार पाहिलं की तपकिरी. मग ड्रॉपरने स्पिरिट सोडा. भोकांतली हवा जाऊन द्रव भरतो, निळा हिरव्याकडे सरकतो. वाळलं की पूर्ववत.

पीसगळ:
सगळ्या पक्ष्यांना हेच लावू नका. बजरीगरचं (बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात तो) हिरवं पीस हातोडीने ठेचलं तर पिवळं पडतं. तिथे निळा रचनेचा आणि पिवळा रंगद्रव्याचा, दोन्ही मिळून हिरवा. हे रंगद्रव्य पोपटवर्गीय स्वतःच्या शरीरात बनवतात, त्यामुळे मिरच्या चारून पोपट लाल होत नाही.

रोहित पक्ष्याचा गुलाबी मात्र खाण्यातूनच येतो, शेवाळ आणि कोळंबीवर्गीय बारीक जीवांतल्या कॅरोटिनॉइड या पिवळ्या-लाल रंगद्रव्यांमधून. पिंजऱ्यातल्या रोहितला ते मिळालं नाही तर नवी पिसं फिकी येतात. आणि खुराक पिसं झडून नवी फुटताना द्यावा लागतो. पूर्ण वाढलेलं पीस मृत असतं, त्यात नंतर काही भरत नाही.

वहीवाला:
म्हणजे द्रवात उतरणारा रंग कुठल्याच पिसात नाही?

उपतंतू:
आहे, आफ्रिकेतल्या तुराको पक्ष्याच्या पंखात. त्याच्या लाल रंगद्रव्यात तांबं असतं आणि ते सौम्य अल्कलीत विरघळतं. तुमच्या कामाचं नाही.

वहीवाला:
शाळेत स्पिरिट नको म्हणतात. पाणी चालेल?

पीसगळ:
चालेल. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये मोरपीस पाण्यानेच भिजवून रंग घालवला होता. फक्त नुसतं पाणी पिसावरून ओघळतं. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, पीस बुडवून थोडा वेळ थांबा. वाळवताना चोळू नका, उपतंतू तुटतात.