बायोगॅस केला म्हणजे डुकरांचा मैला संपला? स्लरी कुठल्या गटात सोडणार ते सांगा

माळरान_सातारा
काल इथे एकांनी लिहिलं की शेडशेजारी टाकी बांधा, मैला संपतो, वास संपतो, वर गॅस फुकट. खाली सगळे वाहवा करतायत, म्हणून सविस्तर लिहितो.

मैला संपत नाही. टाकीत फक्त कर्बाचा गॅस होतो. नत्र आणि स्फुरद जेवढं आत गेलं तेवढं स्लरीतून, म्हणजे गॅस झाल्यावर उरणाऱ्या पातळ मैल्यातून, बाहेर येतं, आणि त्यातलं बरंचसं नत्र अमोनियाच्या रूपात सुटं झालेलं असतं. उघड्या खड्ड्यात ठेवलं की ते हवेत उडतं, जास्त सोडलं की नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला ५० टक्के, कमाल ३० लाख अनुदान आहे. शंभर माद्या म्हणजे वर्षाला हजारावर पिल्लं. मी पाहिलेल्या प्रकल्प अहवालांत शेडचा नकाशा होता, स्लरी कुठे जाणार याची ओळसुद्धा नव्हती.

अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना बघा. ऐंशी-नव्वद लाख डुकरं. मैला उघड्या तळ्यांत साठवायचा आणि शेतावर फवारायचा. १९९९ च्या फ्लॉइड आणि २०१८ च्या फ्लॉरेन्स वादळात तळी फुटली, भरून वाहिली. आता काही तळ्यांवर आच्छादन घालून गॅस काढतात, तरी शेजारचे लोक हेच विचारतात की राहिलेल्या पाण्याचं काय. आधी एकर मोजा, मग डुकरं आणा.

वीस_माद्या
दादा, आमच्यात अमेरिका कशाला आणता? माझ्या वीस माद्या, सहा एकर ऊस. स्लरी पाटाच्या पाण्यात मिसळून सोडतो, युरिया निम्म्यावर आलाय. घरचा दोन्ही वेळचा स्वयंपाक त्याच गॅसवर होतो. बर्नर खराब व्हायचे, तर लेथवरचा लोखंडी भुगा पाइपात भरला, सडक्या अंड्यासारखा वास गेला आणि बर्नरही टिकले. तुमच्या असल्या लेखांमुळे ग्रामपंचायत नाहरकत अडवते.

ओढ्याकाठी
पाटाचं पाणी पुढे कुठे जातं? आमच्या वरच्या अंगाला असंच एक शेड आहे. पावसाळ्यात रात्री खड्डा ओढ्यात सोडतात. सकाळी काठाच्या दगडांवर काळा थर आणि फेस. विहिरीचं पाणी जनावरं तोंड लावून सोडतात. ठराव झाला, अर्ज झाले, शेड चालूच. तुमचा ऊस वाढतो, आमची विहीर जाते.

वीस_माद्या
ते शेड माझं नाही. आणि डिस्टिलरीचं सांडपाणी, स्पेंटवॉश, ओढ्यात येतं तेव्हा गाव गप्प का असतं? म्हशींच्या गोठ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं, त्याला कुणी नाक धरत नाही. डुक्कर म्हटलं की लगेच घाण. हा धंदा आजवर कुणी केला आणि त्यांना गावाबाहेर का ठेवलं, हे सगळ्यांना माहीत आहे.

ओढ्याकाठी
जातीवर नेऊ नका. मी पाण्याबद्दल बोलतोय. डिस्टिलरीविरुद्धही सह्या केल्यात मी.

पुणे_खरकटं
मुळात डुक्कर हाच पुनर्वापर आहे. रोज शहरातल्या हॉटेलांचं खरकटं उचलतो, नाहीतर ते कचरा डेपोत कुजलं असतं.

पशुवैद्य_ताई
उकळून देता का? आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात शिरला. खरकट्यातल्या मांसाच्या एका तुकड्यातूनही हा विषाणू शेडमध्ये येऊ शकतो. माणसाला होत नाही, पण कळप संपतो. अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय खरकटं घालू नका. मी शेडं रिकामी होताना पाहिलीत, पालक दारात बसून रडतात.

पुणे_खरकटं
ताई, पिंपभर खरकटं अर्धा तास उकळायला जळण कोण देणार? लाकडाचा भाव माहीत आहे का? ऑफिसात बसून सल्ले देणं सोपं.

पशुवैद्य_ताई
मी गमबूट घालून शेडात असते, ऑफिसात नाही. जळणाचं म्हणाल तर ते तुमच्याच शेडात पडलंय. टाकी बांधा, गॅस त्या पिंपाखाली लावा.

पुणे_खरकटं
माझं शेड भाड्याच्या जागेत आहे, मालक खोदू देणार नाही.

वीस_माद्या
मग टाकीऐवजी जमिनीवर ठेवायचा बायोगॅसचा फुगा घ्या, खोदावं लागत नाही. फक्त आधी खरकट्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्या वेचा. माझ्या टाकीचं तोंड एकदा चटणीच्या पुड्यांनी बुजलं होतं, बांबूने ढोसून काढावं लागलं.

माळरान_सातारा
खरकट्याने धागा पळवला. उकळायला गॅस वापरणं योग्यच आहे, ते मान्य. पण मूळ प्रश्न उरतोच. ईशान्येत डुक्कर-मत्स्यपालनात हेक्टरभर तळ्याला ३०-४० डुकरंच सांगतात, कारण जास्त झाली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. तळ्याला मर्यादा आहे, मग शेताला का नको?

वीस_माद्या
सहा एकर आहेत म्हणून मला पुरतं, एवढं खरं. एका एकरात शंभर माद्यावाल्याचं मी समर्थन करत नाही. पण त्याच्यासाठी माझी नाहरकत अडवू नका.

ओढ्याकाठी
नाहरकतीला माझी सही घ्या. पण आधी हे सांगा, जुलै-ऑगस्टमध्ये रान चिखलात असतं, पाट बंद असतो. तेव्हाची स्लरी कुठे साठवता? टाकीवर झाकण आहे का?