कॉलेजने स्वतःचा उपग्रह करावा का? माझं मत : आधी कॅनसॅट

प्रोजेक्ट_गाइड (धागाकर्ता)
पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजचा उपग्रह 'स्वयम्' २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला. १० सेंटिमीटरचा ठोकळा, वजन जेमतेम किलोभर, काम सुरू झालं २००८ मध्ये. आयआयटी मुंबईचा 'प्रथम'ही २००७ ला सुरू होऊन सप्टेंबर २०१६ मध्ये उडाला. दोन्हींबद्दल मनापासून आदर आहे. पण इंजिनीअरिंग चार वर्षांचं. पहिला आराखडा काढणारा उड्डाणाच्या वेळी कधीच नोकरीला लागलेला असतो.

आता नवी कॉलेजंही थेट क्यूबसॅटच्या, म्हणजे स्वयम् सारख्या ठोकळ्याच्या उपग्रहाच्या, मागे लागली आहेत. त्यांनी आधी कॅनसॅट करावा. कोल्ड्रिंकच्या कॅनएवढं यंत्र : बॅटरी, दाबाचा सेन्सर, जीपीएस, रेडिओ, पॅराशूट. ड्रोनने वर नेऊन सोडायचं. आराखड्यापासून दुरुस्तीपर्यंत सगळं एका वर्षात, त्याच मुलांच्या हातून होतं.

थर्मोव्हॅक
सपशेल असहमत. कॅनसॅट पडला की उचलून आणता येतो, म्हणून मुलं 'बघू नंतर' म्हणतात. कक्षेत ती सोय नाही. टेबलावर पंख्याखाली मस्त चालणारा बोर्ड निर्वातात तापून बंद पडतो, कारण उष्णता वाहून न्यायला हवाच नसते. स्वयम् ची दिशा सांभाळायला वीज लागत नाही : आतलं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतं आणि हिस्टेरिसिस रॉड (खास चुंबकीय धातूच्या कांड्या) डोलणं शमवतात. असा विचार पक्का व्हायला वर्षं द्यावीच लागतात. राहिला प्रश्न सीनियरचं काम पुढे नेण्याचा. नोकरीत तरी कोरा कागद कुणाला मिळतो?

प्रोजेक्ट_गाइड
शेवटचा मुद्दा मान्य. 'बघू नंतर'चा नाही. एका गटाचा कॅन व्यवस्थित उतरला, पण मेमरी कार्डावरची फाइल रिकामी. रेडिओने संदेश पाठवताना एकदम जास्त करंट ओढला, व्होल्टेज पडलं, कंट्रोलर रीसेट झाला आणि उघडी फाइल बंदच झाली नाही. पोरांनी ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, तो खड्डा स्वतः पकडला, कपॅसिटर वाढवला आणि पुन्हा उडवलं. ही संधी कक्षेत मिळते का?

झेडपी_मास्तर
दोघांच्या बोलण्यात शाळा कुठेच नाहीत. 'आझादीसॅट' हा उपग्रह बनवण्यात ७५ सरकारी शाळांच्या ७५० मुली होत्या. ऑगस्ट २०२२ ला इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटने तो चुकीच्या कक्षेत सोडला, वाया गेला. फेब्रुवारी २०२३ ला दुसरा कक्षेत पोचला. मुलींच्या वाट्याला छोटंच काम असेलही, पण ते खऱ्या रॉकेटवर जाणार होतं. माझ्या वर्गात त्या बातमीनंतर प्रश्न थांबत नव्हते. ड्रोनमधून डबा टाकून हे होणार नाही सर.

पेलोड_प्रेमी
मधला रस्ता आहे की! पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर 'पोएम' म्हणून कक्षेत वापरतात. वीज आणि संपर्क त्याचा, प्रयोग तुमचा. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या आर. व्ही. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्यावरून आतड्यातल्या जिवाणूंचा प्रयोग पाठवला.

थर्मोव्हॅक
प्रयोग उत्तमच. पण वीज आयती, संपर्क आयता, मग पॉवर बोर्ड आणि ग्राउंड स्टेशन (उपग्रहाशी संपर्क ठेवणारं जमिनीवरचं केंद्र) कुणी शिकायचं?

प्रोजेक्ट_गाइड
दुसऱ्या वर्षाला कॅनसॅटवर शिकायचं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोएमसाठी पेलोड, म्हणजे वर पाठवायचं प्रयोगाचं यंत्र. असे दोन-तीन गट तयार झाले, त्यांच्या फाइली नीट राहिल्या, की मग करा क्यूबसॅट. पहिली सही माझी.