मदत हवी आहे: बी.पी.टी. नंतर अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनरचं लायसन्स

बी.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी) झालं आहे. टेक्सासमध्ये शाळेच्या फुटबॉल टीमसोबत अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारी तज्ज्ञ) म्हणून काम करायचं आहे. बीओसीची (अ‍ॅथलेटिक ट्रेनरना प्रमाणपत्र देणारी अमेरिकन संस्था) परीक्षा थेट देता येते का? आणि टेक्सासच्या लायसन्सवर टीमबरोबर शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात मॅचला जाता येतं का?

उत्तर १
थेट नाही. आधी सीएएटीईची (अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचे अभ्यासक्रम तपासणारी संस्था) मान्यता असलेला मास्टर्स करावा लागतो. बीओसीचा परस्पर मान्यतेचा करार मोजक्या देशांशी आहे, भारताशी नाही. प्रवेशासाठी जीवशास्त्र, रसायन, भौतिक, मानसशास्त्र, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी हे विषय बारावीनंतर केलेले लागतात. गाडी अडते ती रसायन आणि भौतिकवर, कारण बी.पी.टी.च्या मार्कशीटवर ते बहुधा वेगळे दिसत नाहीत. अर्जाआधीच कॉलेजला विचारा. फिजिओथेरपिस्टचा रस्ता निराळा (पदवीचं मूल्यांकन, मग एनपीटीई ही फिजिओथेरपिस्टची परीक्षा), आणि ते लायसन्सही वेगळं.

उत्तर २
बीओसी पास झालं म्हणजे लायसन्स मिळालं, हा समज फार महागात पडतो. लायसन्स राज्य देतं. टेक्सासने 1971 मध्ये देशात सर्वांत आधी सुरू केलं, आता ते टीडीएलआर हे राज्याचं परवाना खातं देतं. कॅलिफोर्नियात मात्र बराच काळ असं लायसन्सच नव्हतं. लायसन्स हातात येईपर्यंत मैदानावर उभं राहू नका, नुसता अर्ज भरून भागत नाही.

मिळाल्यावरही काम डॉक्टरांच्या लेखी आदेशांच्या चौकटीतच करायचं. तो कागद ओळ न् ओळ वाचा: निखळलेला खांदा जागेवर बसवायचा की नुसता बांधून पाठवायचा? एपिपेन (जीवघेण्या अ‍ॅलर्जीवरचं तयार इंजेक्शन) कुणी द्यायचं? डोक्याला मार लागलेल्याला परत खेळायला कोण सोडणार? खाली सही आणि तारीख बघा. टीमचे डॉक्टर बदलले की नव्या सहीचा कागद घ्या. ड्राय नीडलिंगचे (दुखऱ्या स्नायूत बारीक सुई टोचण्याचे) नियम तर राज्यागणिक बदलतात, ऐकीव माहितीवर सुई धरू नका.

ओक्लाहोमाचं: 2018 च्या केंद्रीय कायद्याने टीमसोबतच्या प्रवासात संरक्षण मिळतं. पण टीमशी लेखी करार हवा, विमा कंपनीला कामाचं स्वरूप आधी कळवलेलं हवं, आणि काम तुमच्या लायसन्सच्या मर्यादेतलंच हवं. तिथल्या हॉस्पिटलच्या आत केलेले उपचार यात येत नाहीत.

प्रश्नकर्ती
समोरच्या टीमचा खेळाडू पडला तर?

उत्तर २
तो तुमच्या करारात नाही. जीवावरचं असेल तर प्रथमोपचार आणि 911 ला (आपत्कालीन नंबर) फोन, बाकी त्यांच्या ट्रेनरकडे. म्हणून मॅचआधी त्यांना गाठून विचारून ठेवा: एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे आहे, अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या गेटने येते आणि त्या गेटची चावी कुणाकडे आहे.