गुलाम मोठा फक्त आपल्याकडेच? नाही

वर एकांनी लिहिलंय की गुलाम राजाच्या वर जातो, हा आपल्या तीनशेचार या पत्त्यांच्या डावाचाच खास प्रकार. मीही नाशिकला पंचवटीतल्या वाड्यात मामाच्या शेजारी बसून हा डाव शिकलो, आणि बरीच वर्षं तसंच समजत होतो. पण फ्रान्समधला बेलोत बघा. तिथेही ३२ पानं, आणि हुकुमाचा गुलाम २० गुणांचा, नव्वी १४ ची, मग एक्का ११, दश्शी १०. स्वित्झर्लंडच्या यासमध्येही हुकुमाचा गुलाम आणि नव्वी याच क्रमाने वर. फरक एवढाच की तिथे हा मान फक्त हुकुमाला. आपल्याकडे चारही रंगांत गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. एका रंगाचे ७६, म्हणून चार रंगांचे ३०४!

जर्मनीच्या स्काटमध्ये तर (एकही हात न घेण्याचा 'नल' डाव सोडला तर) चारही गुलाम कायम हुकूमच, आणि त्यांत किलवरचा सगळ्यात मोठा. तिघांचा डाव आहे, तेव्हा पाच-तीन-दोन खेळणाऱ्यांनी तो जरूर शिकावा. बोली लावताना हात जोखावा लागतो, ती मजा पाच-तीन-दोनमध्ये मिळत नाही.