वापरलेली १.४ टीएसआय ट्विनचार्जर: वॉटर पंप आणि सुपरचार्जर कसे तपासावेत?

लेस्टरकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये वापरलेली फोक्सवॅगन पोलो जीटीआय घ्यायचा विचार आहे, २०१० ते २०१४ मधली, १८० पीएस (अश्वशक्ती). गोल्फ जीटी आणि फाबिया व्हीआरएससुद्धा यादीत आहेत. तिन्हीत सुपरचार्जर (बेल्टने फिरून इंजिनात हवा दाबणारा) आणि टर्बो (तेच काम एक्झॉस्टच्या जोरावर करणारा) दोन्ही असलेलं १.४ टीएसआय इंजिन आहे. सगळीकडे एकच इशारा वाचायला मिळतो, की वॉटर पंप गेला की सुपरचार्जरही जातो.

माझे प्रश्न असे:
१) या दोन भागांचा एकमेकांशी संबंध काय?
२) कमी आरपीएमला चिवचिवाट आला किंवा ओढ कमी वाटली, तर पंप, क्लच, बेल्ट की खुद्द सुपरचार्जर, हे ओळखायचं कसं?
३) पंप बदलताना आणि नंतर काय पाळावं?

अंदाजपंचे उत्तरं नकोत. हाताने तपासता येईल असं सांगा.

पाना१३

आधी रचना बघा, म्हणजे निम्मा गोंधळ संपेल. या इंजिनात दोन बेल्ट आहेत. सहा रिबांचा बेल्ट क्रँकच्या पुलीवरून वॉटर पंप, अल्टरनेटर आणि एसी कॉम्प्रेसर फिरवतो. पाच रिबांचा दुसरा बेल्ट वॉटर पंपावरूनच निघतो आणि सुपरचार्जरकडे जातो. या दोहोंच्या मध्ये एक मॅग्नेटिक क्लच आहे (फोक्सवॅगनच्या कागदांत एन४२१), आणि तो पंपाच्याच जोडात बसवलेला आहे. म्हणजे पंप, पुली आणि क्लच हा एकच भाग. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पंपाच्या दांड्यावरचं सील झिजलं की कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बाहेर येतं आणि समोरच बसलेल्या क्लचच्या घर्षण-प्लेटपर्यंत पोचतं. ओली, चिकट झालेली प्लेट घसरते. घसरली की तापते, आणि तापली की कॉइललाही झळ लागते. गॅरेजवाला "सुपरचार्जर गेला" म्हणतो तेव्हा आतले रोटर पुष्कळदा ठणठणीत असतात, फक्त त्यांच्यापर्यंत फिरकी पोचत नसते.

आता आरपीएमचे आकडे, कारण निदान त्यांवरच चालतं. २४०० च्या खाली पाय दाबला की सुपरचार्जर कामाला लागतो. २४०० ते ३५०० मध्ये गरज पडली तरच, उदाहरणार्थ तुम्ही एकदम अॅक्सिलरेटर दाबलात तर. ३५०० च्या वर क्लच सुटतो आणि सगळा भार टर्बोवर. क्रँक ते सुपरचार्जर गुणोत्तर १:५ आहे, म्हणजे ३५०० ला रोटर १७,५०० आरपीएमने फिरत असतात. क्लच त्याच्या पुढे का जोडलेला राहत नाही, ते यावरून कळेल.

त्यामुळे गाडी खाली मेलेली आणि ३००० नंतर एकदम जिवंत होत असेल, तर सुपरचार्जरच्या बाजूकडे बघा. सगळ्याच आरपीएमला मरगळ असेल, तर फुटलेला किंवा निसटलेला होस, टर्बोचा वेस्टगेट (दाब मर्यादेत ठेवणारी झडप), डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय सोडल्यावर दाब मोकळा करणारी झडप) हे आधी.

गळतीशोधक

पंपाची गळती ओळखणं सोपं आहे, पण त्यासाठी गाडी उचलावी लागते. विकणाऱ्याच्या दारात नुसतं बॉनेट उघडून काही दिसणार नाही.

पुढचं उजवं चाक आणि चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर काढा, खालचं झाकण सोडवा. टॉर्च पंपाच्या खालच्या अंगावर मारा. कुलंट गुलाबी किंवा जांभळट असतं आणि सुकलं की त्याची पांढरट-गुलाबी खपली उरते. पंपाखालच्या ब्लॉकवर, बेल्टच्या आतल्या कडेला किंवा खालच्या झाकणात ती खपली दिसली की पंप संपत आलाय. ओघळ ओला असायलाच हवा असं नाही. गरम ब्लॉकवर थेंब सुकून जातात, म्हणून जमिनीवर डाग पडत नाही आणि मालक बिनधास्त असतो.

खात्री करायची तर प्रेशर टेस्टर. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीच्या तोंडाला टेस्टर लावून १ बार दाब भरा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. काटा खाली आला तर गळती नक्की, मग टॉर्चने ती शोधा. त्याच टेस्टरवर टाकीचं झाकणही तपासा. ते साधारण १.४ ते १.६ बारला उघडायला हवं. झाकण अडकलेलं असलं तर दाब वाढतो आणि नवा पंपही लवकर गळू लागतो, हे बरेच जण विसरतात.

कुलंट कमी होतंय पण बाहेर कुठेच खपली नाही आणि दाबही टिकतो, असं असेल तर पंपाला दोष देऊ नका. हीटरच्या जोडण्या बघा, नंतर हेड गॅस्केट.

पाना१३

आवाजाबद्दल राहिलंच. या इंजिनाचा नेहमीचा आवाज म्हणजे १५०० ते २४०० दरम्यान पाय दाबला की पक्ष्यांसारखा चिवचिवाट. तो घसरणाऱ्या क्लचचा. पण सैल बेल्टही असाच किंचाळतो. त्यामुळे पुढच्या क्रमाने जा:

१. इंजिन आयडलवर (जागेवर मंद चालू) असताना पाच रिबांचा बेल्ट बघा. तो थांबलेला असायला हवा. अनेक जण हे बघूनच "बेल्ट फिरत नाही, सुपरचार्जर गेला" असं ठरवून टाकतात. आयडलला क्लच सुटलेला असतो, ते बरोबरच आहे. उलट तो आयडललाही सतत फिरत असेल, तर क्लच चिकटलेला आहे.

२. आवाज आयडललाच येत असेल तर सहा रिबांच्या बेल्टच्या रिबांवर पाण्याचा हलका फवारा मारा, हात लांब ठेवून. आवाज क्षणभर बदलला तर बेल्ट किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग). काहीच फरक नाही आणि आवाज घरघरीचा असेल तर बेअरिंग: पंपाचं, अल्टरनेटरच्या पुलीचं किंवा टेन्शनरच्या रोलरचं.

३. इंजिन बंद करून, चावी काढून, सुपरचार्जरची पुली हाताने फिरवा. ती जडसर पण एकसारखी फिरायला हवी. कुठे अडली, खरखर आली किंवा पुली हलवल्यावर खेळ जाणवला, तर सुपरचार्जरचं बेअरिंग संपलं. तिथे पंप बदलून भागणार नाही.

४. क्लचचा कनेक्टर काढून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. १२ व्होल्टच्या अशा कॉइलला काही मोजके ओहमच असतात. अनंत दाखवला तर कॉइल तुटली, शून्याजवळ असला तर आत शॉर्ट. मग फ्यूज असलेल्या वायरने, इंजिन बंद ठेवूनच, बॅटरीचे १२ व्होल्ट थेट द्या. स्पष्ट "टक्" ऐकू यायला हवा, आणि मघाशी हाताने फिरणारी पुली आता धरली गेली पाहिजे. टक् येतो पण जोर लावल्यावर पुली सरकते, याचा अर्थ प्लेट झिजली किंवा कुलंटने माखली. पंप बदला.

५. क्लच पास झाला आणि ओढ तरीही नाही, तर नियंत्रण-झडप (जे८०८). ही झडप मिटते तेव्हाच सुपरचार्जरचा दाब पुढे जातो. उघडी अडकली तर हवा बाजूने निसटून जाते आणि सुपरचार्जर फुकट फिरत राहतो. क्रँककेसमधल्या तेलाच्या वाफांचा चिकटा तिथे जमतो. कनेक्टरचे पिनही बघा.

डेटालॉग

लॅपटॉप असेल तर याच्या आधी एक लॉग घ्या, अर्ध्या तासाचं काम वाचतं. व्हीसीडीएसमध्ये (फोक्सवॅगन गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) मेझरिंग ब्लॉक ११५ उघडा: आरपीएम, लोड, मागितलेला बूस्ट (हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट. मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमपासून पूर्ण पाय दाबून वर न्या. स्क्रीन शेजारी बसलेल्याकडे द्या.

मागितलेला आणि मिळालेला आकडा २४०० च्या खाली शेकडो मिलीबारने लांब आहेत आणि ३५०० नंतर जुळतात, तर दोष सुपरचार्जरच्या बाजूला. सगळीकडे लांब असतील तर गळती किंवा टर्बो. पी०२९९ हा बिघाडाचा कोड फक्त "बूस्ट कमी" एवढंच म्हणतो, कुठे कमी ते सांगत नाही. त्या कोडवर विसंबून कुणी सुपरचार्जर बदलायला सांगत असेल तर लॉग मागा.

आणि जीटीआय घेताय म्हणून एक अवांतर, खरं तर सगळ्यात महत्त्वाचं. या इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटण्याची तक्रार पंपापेक्षा कितीतरी महाग पडते. पी०३०० ते पी०३०४ मिसफायर कोड, थंड असताना धडधड, तेल पिणं, ही लक्षणं. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरातला दाब मोजणं) करूनच पैसे द्या. चार सिलिंडरांमधला फरक ३ बारच्या आत हवा. सोबत पी००१६ असेल तर टायमिंग चेन ताणलेली असू शकते. पंप बदलता येतो, त्यावरून गाडी नाकारू नका. कॉम्प्रेशनवरून मात्र जरूर नाकारा.

गळतीशोधक

आता तिसरा प्रश्न. पंप बदलताना होणारे घोळ ठरलेले आहेत.

भाग चॅसिस नंबर देऊनच मागवा. १२२ पीएसच्या १.४ टीएसआयला फक्त टर्बो आहे, त्याच्या पंपाला क्लच नाही. नावात "१.४ टीएसआय" सारखंच, त्यामुळे चुकीचा पंप येऊन पडतो. दोन्ही बेल्ट त्याच वेळी नवे घ्या. कुलंटने भिजलेला बेल्ट पुसून परत लावणं ही खोटी काटकसर आहे. टेन्शनरचा रोलर हाताने फिरवून बघा, खरखर असेल तर तोही.

इंजिन थंड. रेडिएटरचा खालचा होस सोडून कुलंट भांड्यात काढा. आधी सुपरचार्जरचा बेल्ट, मग दुसरा. क्लचचा कनेक्टर विसरू नका, ओढला तर वायर तुटते. जुना पंप निघाल्यावर ब्लॉकचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा. स्क्रूड्रायव्हरने अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच गळणार. नवं सील पंपासोबत येतं ते. त्यावर सिलिकॉन फासू नका, जादा सिलिकॉन तुटून कुलंटमध्ये फिरतं. बोल्ट हाताने बसवून मग आडव्या-तिडव्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. क्लचच्या प्लेटला ग्रीस, तेल किंवा तेलकट हात अजिबात नको.

भरताना व्हॅक्यूम फिलर (आधी हवा शोषून मग कुलंट भरणारं साधन) असेल तर उत्तम, कारण या इंजिनात ब्लॉक आणि हेडचे कुलंट मार्ग वेगळे आहेत. हेडचा थर्मोस्टॅट ८० अंशांना उघडतो, ब्लॉकचा ९५ ला. हवा अडकली आणि नवा पंप कोरडा फिरला तर सीलची तोंडं तिथेच खराब होतात. फिलर नसेल तर हीटर पूर्ण गरमवर, टाकी भरत राहा, दोन्ही थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवा, आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

कुलंटवेडा

पंप वाचवायचा तर कुलंटवर लक्ष द्या. सीलची दोन गुळगुळीत तोंडं कुलंटच्याच पातळ थरावर फिरतात, तोच त्यांचं वंगण.

जी१२++, जी१३ किंवा नवं जी१२ इव्हो वापरा. बाटलीवर अनुक्रमे टीएल ७७४ जी, जे किंवा एल लिहिलेलं असतं. रंगावर जाऊ नका, गुलाबी रंग कुणीही घालू शकतो. जुन्या पद्धतीचं हिरवं कुलंट यात मिसळलं की तपकिरी गाळ होतो. तसा गाळ दिसला तर साध्या पाण्याने वारंवार धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि मगच नवं भरा.

प्रमाण ५०:५०, साधारण उणे ३५ अंशांपर्यंत पुरतं. ४० टक्के ठेवलंत तर उणे २५. इंग्लंडला ४० टक्केही पुरे, पण गंजरोधक द्रव्यं जास्त मिळावीत म्हणून ५० ठेवा. पाणी डिआयोनाइज्डच. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं नळाचं पाणी कठीण आहे, किटलीत बसतो तोच क्षार सीलच्या तोंडावर बसतो. कंपनी कुलंट बदलायची मुदत देत नाही, तरी चार-पाच वर्षांनी बदलणं शहाणपणाचं. रेफ्रॅक्टोमीटर फक्त गोठणबिंदू सांगतो, गंजरोधक संपलंय की नाही ते सांगत नाही.

चाकणवाला

हे सगळं भारतातल्या पोलो जीटी टीएसआयला लागू आहे का? पुण्यात बरीच दिसते.

पाना१३

नाही. चाकणला बनलेली ती पोलो २०२० पर्यंत १.२ टीएसआय होती, १०५ पीएस, नंतर १.० टीएसआय; दोन्ही फक्त टर्बो. सुपरचार्जर नाही, म्हणून क्लचही नाही. २०१६ मध्ये भारतात आलेली तीन दारांची पोलो जीटीआयसुद्धा १.८ टीएसआय, तिलाही नाही. कुलंटबद्दल वर लिहिलेलं मात्र त्यांनाही तंतोतंत लागू.

लेस्टरकर

आभार. एक शेवटचं: गाडी बंद केल्यावर बॉनेटखाली बारीक घूं घूं येत राहते असं वाचलं. तोही पंपच का?

डेटालॉग

हो, पण दुसरा. टर्बो थंड करणारा छोटा इलेक्ट्रिक पंप (व्ही५०). गाडी तापवून बंद केली तर तो पंधरा मिनिटांपर्यंत चालू शकतो, बिघाड नाही. तासाभराने परत गेलात आणि तेव्हाही चालू असेल, तर रिले बघा, नाहीतर सकाळी बॅटरी रिकामी मिळेल.