चार हार्डडिस्क बसवल्या, तीनच दिसतात. रेड करण्याआधी मदत हवी

रानआवाज

नमस्कार. गेली ९ वर्षं मी पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करतो आहे. सगळं पाच-सहा सुट्या एक्स्टर्नल डिस्कवर विखुरलेलं होतं. गेल्या महिन्यात त्यातली एक खटखट वाजायला लागली आणि दोन दिवसांत गेली. घुबडाच्या पिल्लांचं पहाटेचं ४० मिनिटांचं एक रेकॉर्डिंग फक्त तिच्यावरच होतं. तेव्हाच ठरवलं की आता नीट रेड करायचं, म्हणजे डिस्क अशा एकत्र जोडायच्या की एखादी गेली तरी डेटा राहील.

डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये ८ टीबीच्या चार डिस्क बसवल्या. तीन सुट्या विकत घेतलेल्या आणि चौथी एका एक्स्टर्नल खोक्यातून काढलेली. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तीनच दिसतात, खोक्यातली दिसत नाही. परवापर्यंत तीच डिस्क यूएसबीवर व्यवस्थित चालत होती. माझ्या हातूनच बिघडली का? एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) जुना आहे, सिस्टिम लिनक्स. तीनवरच रेड ५ (एक डिस्क गेली तरी चालणारा प्रकार) करून टाकू आणि चौथी नंतर जोडू का?

तिसरापोर्ट

एम.टू स्लॉटमध्ये एसएसडी आहे का? बऱ्याच मदरबोर्डवर तो स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट (हार्डडिस्क जोडायच्या जागा) बंद होतात. मॅन्युअलमध्ये बघा.

रानआवाज

आहे, आणि मॅन्युअलही बघितलं. त्याने ५ आणि ६ नंबरचे पोर्ट बंद होतात, मी १ ते ४ वापरतोय. चालू डिस्कची केबल आणि पोर्ट या डिस्कला देऊन पाहिला, तरी नाही. एक लक्षात आलं: बाकीच्या तिघींवर बोट ठेवलं की फिरल्याची थरथर जाणवते. ही अगदी निपचित आहे.

फिरतीतबकडी

थरथर नाही म्हणजे डेटा केबलचा प्रश्नच नाही. अशी डिस्क नुसती पॉवर दिली तरी फिरायला हवी. तुमची डिस्क बहुधा ठणठणीत आहे, काळजी करू नका.

साटा पॉवरच्या कनेक्टरला १५ पिना असतात. पहिल्या तीन पूर्वी ३.३ व्होल्टच्या होत्या. साटा ३.३ या आवृत्तीत तिसऱ्या पिनचं काम बदललं: तिच्यावर व्होल्टेज असेल तर डिस्क बंद राहते, म्हणजे सर्व्हरवाल्यांना अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करता येते. जुने एसएमपीएस त्या पिनला कायम ३.३ व्होल्ट देतात, म्हणून डिस्क उठतच नाही. एक्स्टर्नल खोक्यात तिथे व्होल्टेज नसतं, म्हणून यूएसबीवर चालत होती.

मशीन पूर्ण बंद करा आणि डिस्कच्या तिसऱ्या पिनवर कॅप्टन (Kapton, वीज न वाहू देणाऱ्या) टेपची बारीक पट्टी लावा. डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजायचं. मोलेक्स ते साटा अडॅप्टरनेही काम होतं, कारण त्यात ३.३ची तारच नसते. पण प्लास्टिक ओतून बंद केलेला अडॅप्टर चुकूनही घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींना टेकून ते पेटल्याची उदाहरणं आहेत.

आता रेडचं. तीनवर रेड ५ करू नका. चौथी चालू झाली की चारही घेऊन रेड ६ करा. जागा १६ टीबी मिळेल (सिस्टिम १४.५५ दाखवेल, ती मोजायची पद्धत वेगळी आहे), पण कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. रेड १०मध्येही (डिस्कच्या जोड्या, जोडीत एकीची प्रत दुसरीवर) जागा तेवढीच, मात्र एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर सगळं गेलं. ८ टीबीची डिस्क बदलल्यावर पुन्हा भरायला सगळं सुरळीत असलं तरी १२ तासांच्या वर लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्क अखंड राबत असतात. दुसरी जायची तर तेव्हाच जाते. चौघींचे मॉडेल नंबरही तपासा. एकही एसएमआर प्रकारची (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून लिहायला मंद) असेल तर तिला यातून वगळा, पुन्हा भरताना ती सगळ्यांना रखडवते.

आणि कॅबिनेट बंद करण्याआधी प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर कागदावर लिहून ट्रेच्या तोंडाशी चिकटवा. हे मी कळकळीने सांगतोय. माझ्या रेड ५मधली एक डिस्क गेली, सिस्टिमने एसडीसी (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) म्हणून सांगितली. मी वरून तिसरा ट्रे ओढला. ती चांगली डिस्क होती. ती एसडी-अमुक नावं पोर्टच्या क्रमाने असतीलच असं नाही, रीबूटनंतर बदलूही शकतात. चारातल्या दोन गेल्या आणि त्यांचा संच, म्हणजे अ‍ॅरे कोसळला. घाबरून मी एमडीएडीएमची (लिनक्समधलं रेडचं साधन) क्रिएट, म्हणजे नवा संच बनवायची कमांड टाइप केली होती, एंटर दाबायचं तेवढं राहिलं होतं. एका मित्राने फोनवर थांबवलं. डिस्क परत लावून असेंबल आणि फोर्सने (जुनाच संच जबरदस्तीने जोडणाऱ्या कमांडने) अ‍ॅरे उभा राहिला. क्रिएटने क्रम जरा चुकला असता तर मुलीच्या पहिल्या पाच वर्षांचे फोटो गेले असते. आजही ट्रे ओढताना मी नंबर दोनदा वाचतो.

तिसरापोर्ट

बरोबर, पिनचं मला सुचलं नव्हतं. एक भर: ३.५ इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, एसएसडीचे बारीक स्क्रू त्यात धरत नाहीत. चारही बाजूंनी पक्क्या करा, आणि समोरचा पंखा डिस्कवर वारा टाकतोय ना ते बघा.

रानआवाज

फिरली! टेपची पट्टी चिमट्याने लावायला अर्धा तास गेला, तिसऱ्या प्रयत्नात जमली. चारही दिसतात. एसएमआर एकही नाही. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

अ‍ॅरे करण्याआधी चौघींवर स्मार्टची (डिस्कने स्वतःच स्वतःची तब्येत तपासायची) लांबची चाचणी लावली. सगळ्या पास झाल्या. मग चारही डिस्क पूर्ण भरून, परत वाचून पाहिल्या. तेव्हा दोन नंबरच्या डिस्कचा १९९ क्रमांकाचा आकडा, सीआरसी एररचा (डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुकांचा), शून्यावरून ३१ झाला. बाकी सगळे आकडे स्वच्छ.

फिरतीतबकडी

ती केबल आहे, डिस्क नाही. खटका असलेली नवीन केबल लावा. आकडा ३१वरून खाली येणार नाही, पण वाढायचा थांबला पाहिजे. आणि जुन्या एक्स्टर्नल डिस्क पुसू नका. चुकून फाइल उडवलीत तर रेड ती चारही डिस्कवरून तितक्याच इमानाने उडवतं. वेगळी प्रत वेगळ्या घरात ठेवा.

रानआवाज

केबल बदलली, काल रात्रीपासून ३१वरच आहे. जुन्या डिस्क बहिणीकडे नेऊन ठेवतोय. चार ट्रेंवर चार चिठ्ठ्या लावल्या, सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मोठ्या अक्षरात. रेड ६ बनतोय, आत्ता १८ टक्के झालाय.